मामीच्या गाडीची बॅटरी

मामा, अखेर बॅटरी ठरली. बसवूनसुद्धा झाली. तुम्ही असता तर सीट उचलून आत डोकावला असता, आणि मग माझ्याकडं न बघता विचारलं असतं, "ह्यात पाणी कुठनं घालायचं?" तुम्हाला उत्तर माहीत असतं, तरी विचारलं असतं. मी चिडले असते. तुम्हाला तेच हवं असायचं.

तुम्हाला जाऊन तीन महिने होतील. यवतच्या तुमच्या रिपेअरिंगच्या दुकानात, भरदुपारी, कुणाच्यातरी ट्रॅक्टरचा डायनामो उघडा पडलेला आणि चहा अर्धा प्यालेला, असे तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वाडीतली माणसं मावली नाहीत. बुद्धवंदना झाली आणि मग पाचसहा जण तुमच्याबद्दल बोलायला उभे राहिले. शांत स्वभाव, मनमिळाऊ, कुणाला कधी दुखावलं नाही. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला कळेना, हे कोणाबद्दल बोलतायत. माझे मामा तर असे हट्टी, की दुकानाचं नाव रंगवताना पेंटरनं एक वेलांटी चुकवली, तर त्याला उन्हात तीन वेळा शिडीवर चढवलं. मनमिळाऊ तुम्ही गिऱ्हाइकांशी. माझ्याशी तुम्ही बारा वर्षं एकाच विषयावर भांडलात, आणि मला त्याच मामांची आठवण येते.

विषय म्हणजे मामीची गाडी. बारा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडून तुम्ही ती आणलीत. आणलीत म्हणजे टेम्पोत घालून, कारण ती स्वतःच्या चाकांवर येण्याच्या अवस्थेत नव्हती. दोन दारं, पुढं दोन माणसं, मागं फारतर शाळेची दप्तरं. आज रस्त्यावर विजेच्या गाड्या ढिगानं दिसतात, पण ही त्यांच्या फार आधीची. आपल्याकडं विजेवर पिठाची गिरणी चालते हे लोकांना माहीत होतं, मोटार चालते हे माहीत नव्हतं. सगळी वाडी बघायला जमली. कुणी म्हणालं लग्नाच्या रुखवतात ठेवतात तसली आहे, कुणी म्हणालं ह्याच्यात माणूस बसवायचा की माणसानं ही काखेत घ्यायची? प्रशांत तेव्हा कॉलेजात होता. आपल्या बापानं हे काय आणलं म्हणून तो दिवसभर घरात दडून बसला होता.

तुम्ही कुणालाच उत्तर दिलं नाहीत. मामीला हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलंत आणि तिचा उजवा पाय उचलून दाखवलात. "ह्यो एक पाय बास हाय. ह्याला क्लच नाय, गेर नाय. दाबलं की पळती, ह्ये दाबलं की थांबती." मामीच्या डाव्या पायात लहानपणीच्या पोलिओपासून लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. त्या पायानं क्लच दाबणं तिला कधीच शक्य नव्हतं. तोवर ती जिथं जायची तिथं तुमच्या मोटारसायकलच्या मागं बसून, कॅलिपरचा पाय एका बाजूला लांब करून. त्या दिवशी लोकांचं हसणं एकदम थांबलं. मला ते अजून आठवतं, कारण मीही हसत होते.

त्या गाडीमुळं मामीचा यवतचा शिलाई क्लास सुरू झाला. वाडीतून यवत, हायवेच्या खालच्या बोगद्यातून पलीकडं, क्लासच्या दारात गाडी, संध्याकाळी परत. गाडी दिसली की पोरी म्हणायच्या, "मॅडम आल्या." मामीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणत होतं.

आणि दर सोमवारी तुमची पूजा. पूजा हा शब्द तुम्हाला आवडला नसता, पण दुसरा मला सुचत नाही. पुढच्या सीटा उचलायच्या, खाली सहा-सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या. प्रत्येकीची बुचं काढायची, काचेच्या पिचकारीनं आतलं ॲसिड ओढून त्यातला तरंगता काटा बघायचा, ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, किती भरली ते खडूनं शेडच्या दारावर लिहायचं. जिथं कमी तिथं डिस्टिल वॉटर. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाणी ओतून पुसायचं आणि वर व्हॅसलीनचा हात. तुमच्या एकाही शर्टाची खालची बाजू धड नव्हती, सगळीकडं ॲसिडची भोकं. मामी म्हणायची, मी जगाचे कपडे शिवते आन् माझ्या घरातला माणूस चाळण घालून फिरतो.

मी डिप्लोमा करून शिक्रापूरला कंपनीत लागले, आणि नेमकी बॅटरीच्याच कंपनीत. लिथियमचे सेल तपासायचे, जोडून पॅक करायचे. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीवरून सुट्टीला वाडीत आले की मला कंठ फुटायचा. मामा, जग कुठं गेलं, तुम्ही अजून पाणी घालताय. ह्या आठांचं वजन तीन माणसांएवढं आहे, मी सांगते ती ह्याच्या पाव वजनात बसेल. पाणी नाही, ॲसिड नाही, एका चार्जमध्ये दुप्पट जाईल. तुम्ही ऐकून घ्यायचात. मग सुरू व्हायचात. "तुझी बॅटरी बिघडली तर उघडता येती का? माझ्या आठातली एक गेली तर मी एक बदलतो, सात तशाच. तुझ्यात त्यो एक बोर्ड गेला, की समदं गप. आन् माझी बॅटरी मरायच्या आधी सांगती. लाइट पिवळी पडती, चढाला दमती, मानूस सावध हुतो. तुझी पळते पळते आन् अचानक बंद. असली बॅटरी मी बाईमाणसाच्या हातात देनार न्हाई."

मी म्हणायचे, बाईमाणूस काय, आमच्या लाइनवर निम्म्या बायका आहेत. तुम्ही म्हणायचात, "मग तुमच्या लाइनीवर चालव." ह्यावर मामी चहा आणून ठेवायची आणि विषय संपायचा. पुढच्या सुट्टीला परत तिथूनच सुरू.

शेवटचं भांडण मात्र तसं संपलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत बॅटऱ्या अगदीच थकल्या होत्या. यवतला जाऊन यायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चार्जिंगला, एवढंच त्यांच्यात उरलं होतं. तुम्ही परत तसल्याच नव्या आठ आणायच्या म्हणत होतात. मी म्हटलं, त्या आणल्या तरी तुम्ही मामीला यवतच्या पुढं जाऊ देत नाही, मग कशाला एवढ्या? तुम्ही म्हणालात, "तिला कुठं जायाचंय?" आणि मी, मला अजून माझाच आवाज ऐकू येतो, म्हणाले, "मामा, तुम्हाला तिनं कुठं जायलाच नकोय. बॅटरीचं निमित्त आहे."

तुम्ही बूच लावलंत, हात पुसलेत आणि दुकानात निघून गेलात. त्या सुट्टीत आपण परत नीट बोललोच नाही. मी निघताना तुम्ही एसटीपर्यंत सोडायला आलात, पिशवीत गुळाची ढेप दिलीत, "पोचल्यावर फोन कर" म्हणालात. मी केला नाही, मेसेज टाकला. पंधरा दिवसांनी प्रशांतचा फोन आला.

मामा, ते बोलायला नको होतं. माफी मागायची राहिली. आपल्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही, जेवायला बसलं की झालं असं धरतात. मला वाटलं होतं पुढच्या सुट्टीला आपण जेवायला बसू.

तुम्ही गेल्यावर गाडी शेडमध्ये तशीच राहिली. सोमवार आले आणि गेले, कुणी सीट उचलली नाही. दीड महिन्यानं मी बघितलं तर पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या होत्या, दोन बॅटऱ्या फुगलेल्या. मामीनं क्लास बंद ठेवला होता. दोनदा ती रिक्षानं गेली. रिक्षा मिळवायला फाट्यापर्यंत चालायचं, मग ती उंच पायरी, मग शेजारच्या माणसानं कॅलिपरकडं बघून सरकून बसायचं. तिसऱ्यांदा ती गेली नाही. प्रशांत दर रविवारी हडपसरहून येत होता. तो वाईट मुलगा नाही, तुम्हालाही माहीत आहे. तो एवढंच म्हणत होता, "आई, तू माझ्याकडं चल. लिफ्ट हाय, समोर दवाखाना हाय. हितं एकटी काय करतीस? आन् त्या डबीचं आता काय करायचं, द्यू कुणाला तरी." मामी नाही म्हणत नव्हती. हो पण म्हणत नव्हती. तिची भांडी आवरायची गती कमी झाली होती, आणि तिच्यासारख्या बाईच्या बाबतीत ते मला चांगलं लक्षण वाटलं नाही. ती एकदा हडपसरला गेली असती, तर क्लास कायमचा बंद झाला असता आणि ती आठव्या मजल्यावर खिडकीत बसली असती. मला ते दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, गाडी चालू करायची. आणि आता हसू नका, मामा. मी काय केलं असेल? बारा वर्षं लिथियम-लिथियम करणारी मी, चौफुल्याच्या बॅटरीवाल्याकडं गेले आणि पाण्याच्या आठ बॅटऱ्या बुक करून आले. अगदी तुम्ही सांगत होतात त्याच, जाड प्लेटांच्या. कारण तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांच्या आत तुमच्या गाडीत माझी बॅटरी बसवणं मला जमेना. माणूस गेल्यावर भांडण जिंकायचं, ह्यात कसली आलीय मर्दुमकी? मला वाटलं, हीच माझी माफी. तुमच्या मनासारखं होऊ दे. येताना रस्ताभर गुऱ्हाळांचा वास आणि मी डोळे पुसत होते, स्वतःवरच खूश होऊन.

घरी येऊन मामीला सांगितलं. ती ओसरीवर बसून कुणाच्यातरी ब्लाउजची हातशिलाई करत होती. तिनं मान वर केली नाही.

"आन् पाणी कोण घालनार?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सोमवारी सीट कोण उचलनार? ती सीट माझ्यानं उचलत न्हाई. वाकून बुचं काढायला गेले तर कॅलिपर अडकतो. तू शिक्रापूरला, प्रशांत हडपसरला. तुझे मामा हुते तवर ती बॅटरी बराबर हुती. आता बराबर न्हाई."

तिनं दोरा तोंडानं तोडला.

"तुम्ही दोघं बारा वर्सं भांडलात," ती म्हणाली. "ह्ये चांगलं का त्ये चांगलं. मी च्या करून दिला. गाडी चालवती कोण? मी. मला कवा कुणी इचारलं का, तुला कसली पायजे?"

मामा, खरं सांगा, आपण विचारलं होतं का कधी? मी खूप आठवून बघितलं. व्होल्ट विचारले, वजन विचारलं, ग्रॅव्हिटी तर दारावर लिहून ठेवलेली. ज्या बाईसाठी गाडी आणली, जिच्या नावानं आपण दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जात होतो, तिला विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तुम्ही म्हणालात, तिला कुठं जायचंय? मी म्हणाले, तुम्ही जाऊ देत नाही. आणि ती आत चहा गाळत होती.

मी ओसरीवर बसले आणि म्हटलं, "मामी, चुकलं. आता सांग. तुला कसली पायजे?"

ती हे विचारण्याचीच वाट बघत होती, असं मला तेव्हा वाटलं. सुई-दोरा बाजूला ठेवून तिनं कुणा पोरीचं माप घ्यावं तसं सांगायला सुरुवात केली. सीट उचलावी लागता कामा नये. पाणी नको. "आन् तुझे मामा म्हणायचे त्ये मातर खरं हाय. न सांगता बंद पडनारी नको. मला आधी कळाया पायजे." मग म्हणाली, "आन् दौंडपत्तूर जाया पायजे."

"दौंडला?"

"अक्का हाय माझी. तिला आता धड दिसत न्हाई. तुझे मामा न्यायचे वर्सातनं दोनदा. सकाळी जायाचं, संध्याकाळी पुन्हा मागं बसून यायाचं. मला एकदा माझी मी जायाचंय तिच्याकडं. ऱ्हायचंय वाटलं तर."

मग मी तिला ते विचारलं जे मला तुम्हाला विचारायला हवं होतं. "मामा का जाऊ देत नव्हते गं?"

आणि तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी तुम्ही दोघांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. गाडी येऊन दुसरं वर्ष. तेव्हा बोगद्यातून न जाता ती वरूनच हायवे ओलांडायची. सकाळपासून गाडी मंद होती, दिवे पिवळे पडले होते. मामीला त्याचा अर्थ माहीत नव्हता, कारण तुम्ही तिला कधी सांगितला नव्हता. गाडी बरोबर हायवेच्या मधोमध थांबली. दोन्हीकडून ट्रक. घाईनं उतरताना कॅलिपर दारात अडकला. कुणीतरी शर्ट हलवत ट्रक थांबवले, तुम्ही दुकानातून अनवाणी पळत आलात आणि तिला उचलून कडेला आणलंत. "घरी आल्यावर जेवले न्हाईत," मामी म्हणाली. "म्हनले, बॅटरी सकाळपसनं सांगत हुती आन् मी तुला तिची भाषा शिकवली न्हाई. चूक माझी हाय. तवापसनं ती सोमवारची पिचकारी. आन् तवापसनं यवतच्या पुढं न्हाई."

मामा, एवढंच मला एकदा सांगितलं असतं तर? मी तुम्हाला हट्टी म्हणत राहिले आणि तुम्ही ते ऐकून घेत राहिलात. मला वाटायचं तुम्ही जुन्या वस्तूला चिकटून बसलाय. तुम्ही जिची नाडी कळते अशा एकाच बॅटरीवर भरवसा ठेवून होतात, कारण वर बसलेलं माणूस तुम्हाला परत उचलून आणायचं नव्हतं. रागावले आहे मी तुमच्यावर, अजून. पण आता दुसऱ्या कारणासाठी.

दुसऱ्या दिवशी बुकिंग रद्द करायला गेले तर बॅटरीवाला म्हणाला, "मामा असतं तर असं केलं असतं का?" मी म्हटलं, "मामा असते तर मी आलेच नसते." तो हसला, आणि मग त्याच्या डोळ्यात पाणी आलं. तुम्ही त्याच्याशी पण भांडायचात म्हणे.

मग मी कामाला लागले. चार रविवार. लिथियमचे सेल आणले, पण तुमचं ऐकून एक पॅक नाही केला, दोन केले. प्रत्येकाचा कंट्रोल बोर्ड वेगळा, मधे एक मोठा स्विच. एक गप झाला तर मामीनं स्विच फिरवायचा, दुसऱ्यावर घरी यायचं. तुमची आठातली एक बदलण्याची गोष्ट मी दोनावर आणली, एवढं चालवून घ्या. जुना चार्जर काढला, कारण तो पाण्याच्या बॅटरीच्या हिशोबानं करंट ढकलत बसायचा. डॅशबोर्डवरचा काटा पण काढला. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ राहतो, काटा फुल्ल दाखवत असतानाच गाडी थांबली असती. त्याजागी किती करंट आत गेला, किती बाहेर आला हे मोजणारा मीटर लावला, आणि त्याला बझर. तिसरा हिस्सा उरला की वाजतो. असा वाजतो की शेजारची गाय उठून उभी राहिली.

सगळं बसवलं आणि भुलेश्वराच्या रस्त्याला चाचणी घ्यायला निघालो, मामी आणि मी. सपाटीला गाडी अशी पळाली की मामीनं तोंडावर हात घेतला. चढ लागला, मामीनं पाय दाबला आणि गाडी खटकन बंद. ना दिवा पिवळा पडला, ना दम लागला. तुम्ही बारा वर्षं जे सांगत होतात ते एका सेकंदात झालं. चूक माझी. गाडी साधारण किती करंट खाते ते धरून मी बोर्ड घेतले होते, चढावर ती केवढा घोट घेते ते धरलंच नाही. डिप्लोमा, अकरा वर्षांची नोकरी, आणि ही चूक. मी स्टिअरिंगकडं बघत बसले. मामी रस्त्याकडं बघत म्हणाली, "आता बोल. ह्यांचं खरं हुतं का न्हाई?"

"खरं होतं," मी म्हटलं.

"मग ह्यांना सांग की तसं." आणि ती हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मीही हसले. एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ओढून आणलं आणि सबंध रस्ता आम्ही दोघी मागं गाडीत बसून हसत होतो. त्याला वाटलं असणार, ह्यांच्या घरी नुकताच माणूस गेलाय आणि ह्यांना झालंय काय.

पुढच्या रविवारी मोठे बोर्ड आणले, तारा जाड केल्या. परत तोच चढ. ह्या वेळी गाडी वर गेली. मामीनं वरून वळवून खाली आणली, परत वर नेली. चार वेळा. पाचव्यांदा मी म्हटलं, मामी बास, मला घेरी येतीये. गाडी हलकी झाल्यामुळं जरा उडते, ट्रक जवळून गेला की हलते. त्यावर मी मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बदलायच्या म्हणतेय, मामी म्हणते राहू दे, सवय होईल. इथून पुढं ते भांडण आमच्या दोघींचं. तुम्ही त्यात पडू नका.

क्लास सुरू झालाय. पहिल्या दिवशी पोरींनी गाडीला हार घातला. प्रशांत आला होता, त्यानं स्वतः गाडी पुसली, मग आईशेजारी बसून यवतपर्यंत गेला. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तिला हडपसरचं मी परत इचारनार न्हाई. तिलाच वाटलं तर सांगंल." तोही शिकला, मामा. आपण दोघं मंद निघालो.

आणि आज सकाळी आम्ही दौंडला निघालो. मामीनं नवं पातळ नेसलं होतं, अक्कासाठी डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या. मी शेजारी बसून मीटरवर डोळा ठेवून होते, दर दोन मिनिटांनी आकडा वाचत होते. चौफुला गेला, वरवंड गेलं. पाटसला हायवे सोडून दौंडचा रस्ता लागतो तिथं मामीनं गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "उतर."

मला वाटलं काहीतरी बिघडलं. "काय झालं?"

"काय न्हाई झालं. तू उतर. हितनं फुडं मी जाते."

"मामी, अजून बरंच आहे. बझर वाजला तर? मी नुसती बसते, बोलत नाही."

"तू बोलत न्हाईस आन् आकडं वाचतीस," ती म्हणाली. "बझर वाजला तर थांबीन. स्विच मला म्हाईत हाय. रस्ता म्हाईत हाय. ह्यांनी मला गाडी दिली ती कुणी शेजारी बसावं म्हणून न्हाई."

मी उतरले. दुसरं काय करणार? ती छोटीशी गाडी उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं गेली, मग ट्रॉल्यांना मागं टाकून पुढं गेली, मग दिसेनाशी झाली. मी पाटसच्या चहाच्या टपरीवर बसले. तुमचा जीव कसा टांगणीला लागत असेल ते मला त्या टपरीवर कळलं. प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला मी उभी राहत होते. तीन चहा झाले. टपरीवाला म्हणाला, ताई, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, फोनची. फोन करावासा वाटत होता, पण ती चालवत असणार, म्हणून केला नाही. मग टपरीवाल्याकडून वहीचे बरेच कागद मागून घेतले आणि हे लिहायला बसले, हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.

आत्ता फोन आला. मागं अक्काचा आवाज येत होता, ती कुणालातरी ओरडून सांगत होती, गाडीला पिलग कुठं लावायचा ते बघ. मामी म्हणाली, "पोचले गं." मी विचारलं, मीटर किती? "निम्मा बी न्हाई उतरला." मग तिनं अक्काला जरा हळू बोलायला सांगितलं. "सुजाता," ती म्हणाली, "तुझ्या मामांना सांग बाई. मला आता न्हाई जमायचं, रडू येतंय."

म्हणून सांगते, मामा. मामी दौंडला पोचली. एकटी गेली, रस्त्यात कुठंही थांबली नाही, आणि संध्याकाळी परत यायचं की मुक्काम करायचा, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.